झोपेतल्या श्वासाचा साक्षीदार

लातूरहून नांदेडला जाणारी एस.टी. चाकूर सोडून अहमदपूरच्या रस्त्याला लागली, की दुपारच्या वेळी निम्मी गाडी पेंगत असते. काही वर्षांपूर्वी अशाच एका गाडीत आमच्या शेजारच्या बाकावर एक गरोदर मुलगी आणि तिची आई बसल्या होत्या. सातवा महिना लागला म्हणून आई लेकीला माहेरी घेऊन चालली होती. लेकीला झोप लागली, मान मागे पडली आणि ती मोठ्याने घोरू लागली. थोड्या वेळाने घोरणे एकदम थांबले. छातीची हालचाल चालू होती, पण आवाज नाही. आठ, दहा, बारा सेकंद गेले असतील. मग एक मोठा हुंदका दिल्यासारखा श्वास घेऊन ती दचकली, आणि पुन्हा घोरणे सुरू झाले. मागच्या बाकावर कोणीतरी हसले. आई ओशाळली. म्हणाली, "ल्हानपणी कधी घोरली न्हाई हो ही. परवा रात्री पाहिलं तर असंच. काम लई पडतंय तिला."

त्या आईने दोन वाक्यांत जे सांगितले, ते डॉक्टरांच्या दृष्टीने अतिशय मोलाचे निरीक्षण होते. घोरणे नवे आहे, गरोदरपणात सुरू झाले आहे आणि मध्ये श्वास अडतो आहे. पण गाडीत ते कोणालाच निरीक्षण वाटले नाही. आम्हीही त्या वेळी काही बोललो नाही. लोहा आले, त्या दोघी उतरल्या आणि गाडी पुढे गेली.

झोपेत श्वास वारंवार अडण्याच्या या विकाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. त्याचा शोध कसा लागला, गरोदर बाईच्या संदर्भात त्याच्याकडे लक्ष जायला इतका उशीर का झाला, आणि नांदेड-लातूरसारख्या भागात त्याचे काय करता येईल, हे या लेखात पाहू.

पेप्सीकोल्याची नळी

आधी वर्गात करता येईल असा एक प्रयोग. उन्हाळ्यात शाळेबाहेर मिळणाऱ्या पेप्सीकोल्याची रिकामी प्लॅस्टिकची नळी घ्या. ती धुऊन दोन्ही टोके कापा. एक टोक ओठांत धरून हळूच हवा ओढा. हवा आत येते. आता जोराने ओढा. नळीच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि हवा बंद होते. जितका जोर जास्त, तितकी नळी घट्ट मिटते. आता उलट करा. नळीत हलकीशी फुंकर मारा. ती लगेच उघडते.

आपल्या घशाचे असेच आहे. नाकाला हाडांचा आणि कूर्चेचा आधार असतो. श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या असतात. या दोहोंमधला घशाचा भाग मात्र मऊ स्नायूंचा असतो. तो तसा नसता तर आपल्याला गिळता आले नसते आणि बोलताही आले नसते. जागेपणी हे स्नायू ताणलेले असतात, म्हणून वाट उघडी राहते. झोपेत ते सैल पडतात. वाट थोडी अरुंद झाली की पडजीभ आणि टाळू थरथरतात, ते घोरणे. वाट पूर्ण मिटली तर श्वास बंद. मग रक्तातला ऑक्सिजन उतरू लागतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू ताणले जातात आणि मोठ्या आवाजासह श्वास सुरू होतो. झोपलेल्या माणसाला यातले बहुधा काहीच आठवत नाही.

दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास थांबला तर त्याला एक विराम धरतात. वाट पूर्ण न मिटता श्वास बराच उथळ होणे, हेही मोजतात. तासाला असे प्रसंग पाचापेक्षा कमी असतील तर ते सामान्य. पाच ते पंधरा म्हणजे सौम्य विकार, पंधरा ते तीस म्हणजे मध्यम आणि तिसाच्या वर तीव्र. तीव्र विकार असलेला माणूस सात तासांच्या झोपेत दोनशेहून अधिक वेळा गुदमरतो आणि सकाळी उठून म्हणतो, "झोप झाली, पण अंग जड आहे."

म्हणजे हा विकार ज्याला आहे, त्याला तो दिसत नाही. त्याला साक्षीदार लागतो. या विकाराचा इतिहास हा बराचसा साक्षीदारांचा इतिहास आहे.

१९५६ : बोस्टनचा रोगी

सुश्रुतसंहितेत आणि माधवनिदानात मेद वाढलेल्या माणसाची लक्षणे सांगताना 'क्रथन' असा एक शब्द येतो. झोपेत श्वास एकाएकी अडणे, असा अर्थ टीकाकारांनी दिला आहे. यावरून आपल्या पूर्वजांना स्लीप अ‍ॅप्निया माहीत होता असे म्हणणे घाईचे होईल, कारण श्वास का आणि कुठे अडतो याचा उलगडा तिथे नाही. पण कोणीतरी झोपलेल्या माणसाजवळ बसून लक्षपूर्वक पाहिले होते, एवढे नक्की.

चार्ल्स डिकन्सनेही असेच पाहिले असावे. १८३६-३७ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'पिकविक पेपर्स' या कादंबरीत ज्यो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो उभ्या उभ्या झोपतो, दार ठोठावता ठोठावता झोपतो आणि घोरतो. वाचक त्याला हसले. पुढे सव्वाशे वर्षे तो विनोदाचाच विषय राहिला.

१९५६ मध्ये बोस्टनच्या बर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रोग्याची हकीगत छापली. ५१ वर्षांचा, सुमारे १२० किलो वजनाचा हा गृहस्थ व्यवसायात वरच्या हुद्द्यावर होता. तो पत्ते खेळत असताना त्याच्या हाती तीन एक्के आणि दोन राजे अशी पाने आली. पोकरमध्ये हा डाव सहसा हरत नाही. पण त्याला तिथेच झोप लागली आणि डाव गेला. आपल्याला दवाखान्यात जायला हवे, असे त्याला तेव्हा वाटले. डॉक्टरांनी डिकन्सच्या कादंबरीवरून या विकाराला 'पिकविकियन सिंड्रोम' असे नाव दिले. त्यांनी रोग्याच्या रक्तातले वायू मोजले आणि कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे झोप येते असा निष्कर्ष काढला. गंमत अशी, की झोपेच्या या रोग्याला त्यांनी तपासले ते मुख्यतः जागेपणी. रात्री त्याच्याजवळ बसून काय होते ते पाहण्याचे राहून गेले.

मराठवाड्याच्या दृष्टीनेही १९५६ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मराठवाड्यातले पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. नांदेडचे महाविद्यालय १९८८ मध्ये आले आणि लातूरचे २००२ मध्ये. कोणत्या भागातल्या रोग्याकडे वैद्यकाचे डोळे केव्हा वळले, याचा अंदाज अशा तारखांवरून येतो.

रात्रभर चाललेली लेखणी

हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतले विजेचे तरंग नोंदवले होते आणि १९५३ मध्ये शिकागोत स्वप्नांच्या झोपेची अवस्था ओळखली गेली होती. तरंगांच्या नोंदीबरोबर श्वासाची नोंद रात्रभर घ्यावी, हे १९६५ मध्ये घडले. फ्रान्समधल्या मार्सेय इथे गास्तो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि जर्मनीत युंग व कूलो यांनी, पिकविकियन रोग्यांची झोप यंत्रावर नोंदवली. कागदावर सरकणाऱ्या लेखणीने दाखवले की छाती आणि पोट श्वासासाठी धडपडत आहेत, पण नाकातोंडातून हवा हलत नाही. अडथळा घशात होता. आता यंत्र साक्षीदार झाले.

कारण कळले, पण उपाय भयंकर होता. अडथळा घशात आहे, तर घशाखाली श्वासनलिकेला छिद्र पाडायचे आणि त्यातून श्वास घ्यायचा. रोगी बरे होत. पण गळ्यात कायमचे भोक घेऊन जगायला किती जण तयार होणार? १९७० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्ड इथे क्रिश्चन गिलमिनो यांनी दाखवले, की हा विकार लठ्ठ नसलेल्या माणसांतही असतो. 'स्लीप अ‍ॅप्निया सिंड्रोम' हे नाव त्यांच्याच लेखनातून रुळले.

सुटका झाली ती ऑस्ट्रेलियात. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांच्याकडे १९८० मध्ये एक रोगी आला. गळ्याला छिद्र पाडून घ्यायला त्याने साफ नकार दिला. सलिव्हन यांनी हवा फेकणारी एक मोटर, नळ्या आणि नाकावर बसेल असा मुखवटा जुळवला, आणि रात्रभर नाकातून हलक्या दाबाची हवा घशात सोडली. पेप्सीकोल्याच्या नळीत मारलेली फुंकर ती हीच. घसा उघडा राहिला आणि रोगी शांत झोपला. १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात पाच रोग्यांवरचा हा प्रयोग प्रसिद्ध झाला. या यंत्राला सीपॅप म्हणतात. आजही या विकारावरचा मुख्य उपाय तोच आहे.

बायका कुठे होत्या?

या साऱ्या कहाणीत रोगी म्हणून बहुतेक पुरुषच भेटतात. १९९० पर्यंत दवाखान्यांत येणाऱ्या रोग्यांत एका बाईमागे आठ-दहा पुरुष असे प्रमाण दिसे. त्यामुळे हा पुरुषांचा विकार, असा समज झाला. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील संशोधकांनी दवाखान्यात येणाऱ्यांची वाट न पाहता ६०२ नोकरदार स्त्री-पुरुषांची झोप तपासली. तासाला पाच किंवा अधिक विराम २४ टक्के पुरुषांत सापडले आणि ९ टक्के स्त्रियांत. म्हणजे प्रमाण आठास एक नव्हते, तर साधारण अडीचास एक होते. मग उरलेल्या बायका दवाखान्यात का दिसत नव्हत्या?

एक कारण साक्षीदाराचे आहे. नवरा घोरतो हे बायको सांगते आणि त्याला दवाखान्यात नेते. बायको घोरते हे सांगणारा नवरा विरळा, आणि स्वतः घोरते हे सांगणारी बाई त्याहून विरळा. दुसरे कारण लक्षणांचे. बायका 'घोरते' असे न सांगता 'थकवा येतो, डोके दुखते, झोप लागत नाही' असे सांगतात, आणि या तक्रारींवर रक्त वाढवायच्या गोळ्या मिळतात.

आपल्याकडे २००४ मध्ये मुंबईच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३५ ते ६५ वयाच्या ६५८ निरोगी शहरी भारतीयांच्या या पाहणीत १९.५ टक्क्यांमध्ये झोपेतल्या श्वासाचा बिघाड आढळला. दिवसाच्या पेंगेसह पूर्ण विकार ७.५ टक्क्यांत होता. हा महत्त्वाचा अभ्यास आहे. पण त्यातले सर्व ६५८ जण पुरुष होते.

दोघांचा श्वास

गरोदरपणात घशाच्या या मऊ वाटेवर तीन बाजूंनी दाब येतो. इस्ट्रोजेन वाढल्याने नाकाचे अस्तर सुजते आणि नाक चोंदते. शरीरात पाणी साठते, वजन वाढते आणि घशाभोवतीची जागा कमी होते. वाढणारे गर्भाशय श्वासपटलाला वर ढकलते. त्यामुळे उच्छ्वास संपल्यावर फुप्फुसात उरणारी हवा शेवटच्या महिन्यांत सुमारे २० टक्क्यांनी घटते. ही हवा म्हणजे ऑक्सिजनची शिल्लक. शिल्लक घटते आणि त्याच वेळी ऑक्सिजनची गरज साधारण २० टक्क्यांनी वाढते. साहजिकच, श्वास दहा सेकंद अडला तर गरोदर बाईच्या रक्तातला ऑक्सिजन इतरांपेक्षा लवकर उतरतो.

निसर्गाने काही आधारही दिला आहे. प्रोजेस्टेरॉन श्वासाला चालना देते. पोट वाढल्यावर बाई आपोआप कुशीवर झोपू लागते, आणि कुशीवर घसा कमी मिटतो. म्हणून गरोदरपणात घोरणारी प्रत्येक बाई रोगी नसते.

गर्भाचे काय? ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी आधी उंच पर्वतांवरच्या माणसांच्या रक्ताचा अभ्यास केला होता आणि नंतर गर्भाच्या रक्ताचा. गर्भाला पोटातच एव्हरेस्टवर असल्यासारखी विरळ हवा मिळते, अशी उपमा त्यांच्या कामावरून रूढ झाली. आईच्या रोहिणीतील रक्तात ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या १०० मिलिमीटरच्या आसपास असतो. वारेतून गर्भाकडे जाणाऱ्या रक्तात तो सुमारे ३० असतो. गर्भाचे हिमोग्लोबिन कमी दाबातही ऑक्सिजन पकडते, म्हणून त्याचे भागते. पण चढ-उतार सोसण्याची त्याची ताकद अमर्याद नसते.

आईच्या झोपेतल्या विरामांचा गर्भाच्या हृदयावर परिणाम होतो, असे सांगणारा एक छोटा शोधनिबंध १९७८ मध्येच आला होता. मोठ्या पाहण्या व्हायला मात्र आणखी वीस-बावीस वर्षे गेली. २००० मध्ये स्वीडनमधल्या उमेओ गावी ५०२ बाळंतिणींना त्यांच्या घोरण्याबद्दल विचारले गेले. गरोदर राहण्यापूर्वी नेहमी घोरणाऱ्या ४ टक्के होत्या. शेवटच्या आठवड्यात रोज घोरणाऱ्या २३ टक्के झाल्या होत्या. या घोरणाऱ्यांपैकी १० टक्के बायकांना प्री-एक्लॅम्पसिया झाला होता आणि न घोरणाऱ्यांपैकी ४ टक्क्यांना. घोरणाऱ्यांची बाळेही अधिक प्रमाणात कमी वाढीची होती.

प्री-एक्लॅम्पसिया म्हणजे गरोदरपणाच्या उत्तरार्धात रक्तदाब वाढणे आणि बहुधा लघवीतून प्रथिने जाणे. तो बळावला तर झटके येतात. आई आणि बाळ दोघांचाही जीव धोक्यात येतो. आपल्या देशातल्या मातामृत्यूंच्या प्रमुख कारणांपैकी हे एक आहे. श्वास अडला की रक्तदाब उसळतो, ऑक्सिजन खाली-वर होतो आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते. प्री-एक्लॅम्पसियातही याच अस्तराचे बिघडते. म्हणून या दोहोंचा संबंध असावा, हा तर्क सयुक्तिक आहे.

पण घोरण्याबद्दल विचारणे वेगळे आणि श्वास मोजणे वेगळे. २०१७ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. पहिल्यांदाच आई होणाऱ्या तीन हजारांहून अधिक स्त्रियांनी घरीच यंत्र लावून झोप नोंदवली होती. सुरुवातीच्या महिन्यांत ३.६ टक्के स्त्रियांना स्लीप अ‍ॅप्निया होता, मधल्या महिन्यांत ८.३ टक्के. अशा स्त्रियांत प्री-एक्लॅम्पसियाचे आणि गरोदरपणातल्या मधुमेहाचे प्रमाण वाढलेले आढळले.

मग उपचाराने हे टळते का? इथे सावध राहायला हवे. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण असतेच असे नाही. वाढलेले वजन दोन्हींच्या मागे असू शकते. थायलंडमध्ये जोखमीच्या ३४० गरोदर स्त्रियांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सीपॅप दिलेल्या गटात प्री-एक्लॅम्पसिया सुमारे १३ टक्क्यांना झाला आणि नेहमीची काळजी घेतलेल्या गटात सुमारे २२ टक्क्यांना. खालचा रक्तदाब सरासरी दोन मिलिमीटरच्या आसपास उतरला. ही आशादायक सुरुवात आहे, शेवटचा निकाल नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या प्रसूती-भूलतज्ज्ञांच्या आणि निद्रा-भूलतज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून यासंबंधीची पहिली सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे काढली. ज्यांचे वजन बरेच जास्त आहे, ज्यांना या किंवा आधीच्या गरोदरपणात रक्तदाब वा मधुमेहाचा त्रास झाला आहे, अशा स्त्रियांना पहिल्या सहा महिन्यांत झोपेबद्दल आवर्जून विचारावे, आणि शंका आली तर यंत्राने खात्री करावी, असे त्यांचे सांगणे आहे.

परदेशी प्रश्न, इथली बाई

विचारावे म्हटले, पण काय विचारावे? दिवसा येणाऱ्या पेंगेचे माप म्हणून जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली १९९१ मध्ये मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी बनवली. त्यात आठ प्रसंग आहेत : वाचताना, टीव्ही बघताना, मोटारीत तासभर बसल्यावर, मोटार रहदारीत थांबली असता, मद्य न घेता जेवल्यावर शांत बसले असता, वगैरे. यांपैकी प्रत्येक वेळी डुलकी लागण्याची शक्यता किती, ते सांगायचे.

आता कंधार किंवा औसा तालुक्यातल्या गरोदर बाईला हे प्रश्न विचारून पाहा. जेवणानंतर शांत बसायला तिला केव्हा मिळते? २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांना आठवत असेल. टँकर रात्री येणार म्हणून जी जागी राहते, पहाटे चुलीपुढे बसते आणि मग शेतात जाते, तिच्या पेंगेचे कारण घशात शोधायचे की दिवसाच्या रहाटगाडग्यात? रक्त कमी असले तरी थकवा येतो, थायरॉइड बिघडले तरी येतो. म्हणून इथे पेंगेपेक्षा घोरण्याकडे आणि श्वासाच्या विरामाकडे अधिक लक्ष द्यायला हवे. गरोदरपणात या प्रश्नावल्या फारशा भरवशाच्या ठरत नाहीत, असे परदेशातल्या अभ्यासांतही दिसले आहे.

दुसरा पेच अधिक खोल आहे. परदेशी प्रश्नावल्या गृहीत धरतात, की शेजारी झोपणारा जोडीदार साक्षीदार असतो. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते, तीही नेमकी सातव्या-आठव्या महिन्यात, म्हणजे घोरणे वाढण्याच्या काळात. नवरा शेजारी नसतो. शेजारी असते आई, बहीण, आजी. लग्नाआधी ती कशी झोपत होती हे आईला ठाऊक असते. मधल्या महिन्यांतले सासरच्यांना ठाऊक असते. साक्ष दोन घरांत विभागली जाते, आणि दवाखान्यात ती कोणीच मांडत नाही. पण याच रीतीत एक सोयही आहे. घोरणे नवे आहे का, या प्रश्नाचे उत्तर आईइतके खात्रीने कोणीच देऊ शकत नाही. गाडीतल्या त्या आईने ते न विचारताच दिले होते.

यंत्राची गोष्टही सांगायला हवी. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजण्याचे तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले. २०२० च्या करोनाच्या साथीत हे ऑक्सिमीटर आपल्या खेड्यापाड्यांत, आशाताईंच्या पिशवीत पोचले. पण जागेपणी एकदा बोटाला लावून ९८ आकडा दिसला म्हणजे रात्रीचा श्वास ठीक आहे, असे होत नाही. बोस्टनच्या डॉक्टरांची चूक आपण पुन्हा करू नये. त्यासाठी रात्रभर नोंद ठेवणारे यंत्र लागते. ते घरी लावून करायची तपासणी आता उपलब्ध आहे. ती केव्हा आणि कुठे करायची, ते छातीरोगतज्ज्ञ सांगतात.

काय करता येईल?

खर्चाच्या वाटेआधी बिनखर्चाच्या वाटा पाहू. पहिली, कुशीवर झोपणे. २८ आठवड्यांनंतर उताणे झोपी जाणाऱ्या स्त्रियांत मृत बाळ जन्मण्याची जोखीम सुमारे अडीच पट असल्याचे २०१९ मध्ये अनेक देशांतली माहिती एकत्र करून दाखवले गेले. डावीच कूस हवी असे नाही. त्या अभ्यासात उजवी कूसही तितकीच सुरक्षित दिसली. रात्री जाग आल्यावर आपण उताण्या आहोत असे दिसले तर घाबरू नये, कूस बदलावी. दुसरी, चोंदलेले नाक मिठाच्या पाण्याच्या थेंबांनी मोकळे ठेवणे आणि धुरापासून दूर राहणे. तिसरी, मनाने झोपेच्या गोळ्या न घेणे. त्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात. वजन जास्त असले तरी गरोदरपणात उपास करून ते उतरवू नये. वजन किती वाढावे, हे डॉक्टरांना विचारावे.

विकार मध्यम किंवा तीव्र असला तर सीपॅप. त्यातून औषध जात नाही, फक्त खोलीतलीच हवा दाबाने जाते. त्यामुळे ते गरोदरपणात वापरता येते. दिवस भरत जातात तसा लागणारा दाब बदलू शकतो, म्हणून तो पुन्हा पाहावा लागतो. यंत्र महाग आहे आणि त्याला रात्रभर वीज लागते. भारनियमनाची वर्षे ज्यांनी काढली, त्यांना ही अडचण समजावून सांगायला नको. म्हणूनच कोणाला ते खरोखर हवे, हे नीट निवडणे महत्त्वाचे.

बाळंतपणाच्या वेळी हा विकार भूलतज्ज्ञांना आधी सांगणे फार गरजेचे आहे. सिझेरियननंतर दिली जाणारी काही वेदनाशामके श्वास मंदावतात. अशा बाईवर पहिल्या रात्री अधिक लक्ष ठेवावे लागते. आणि बाळंतपण होऊन काही महिने गेल्यावर तपासणी पुन्हा करावी. अनेकींचा विकार ओसरतो, काहींचा राहतो.

कार्डावरचे रकाने

गरोदर बाईच्या कार्डावर जे रकाने असतात, त्यांतल्या प्रत्येकाला इतिहास आहे. लघवीतली प्रथिने तपासतात, कारण १८४३ मध्ये लंडनच्या जॉन लेव्हर यांनी झटके आलेल्या बायकांच्या लघवीत ती पाहिली. रक्तदाब मोजतात, कारण १८९६ मध्ये इटलीच्या रिव्हा-रोची यांनी दंडाला बांधायचा पट्टा बनवला. पण लंडन आणि इटलीचे शोध गावापर्यंत आपोआप आले नाहीत. १९७० मध्ये जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. त्यांनी गावातल्या, बहुतांशी शाळा न पाहिलेल्या, बायकांना गरोदर स्त्रियांची तपासणी शिकवली. ज्यांना कोणी जाणकार मानत नव्हते, त्यांच्या निरीक्षणावर विश्वास टाकला आणि तो सार्थ ठरला.

घोरण्याचा प्रश्न विचारायला नव्या रकान्याचीही वाट पाहायला नको. २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची विशेष तपासणी होते. तिथे लेकीबरोबर जाणाऱ्या आईने एवढेच सांगावे : ही आधी घोरत नव्हती, आता रोज घोरते, मध्ये श्वास अडतो आणि दचकते. रक्तदाब वाढलेला असेल, साखर वाढलेली असेल, तर हे सांगायलाच हवे.

आणि शिक्षकांनी? श्वसनसंस्थेचा पाठ शिकवताना पेप्सीकोल्याच्या नळीचा प्रयोग जरूर करा. बारावीच्या वर्गातल्या मुलामुलींच्या घरी वहिनी असते, ताई असते, शेजारीण असते. घोरणे ही हसण्याची किंवा लाजेची गोष्ट नसून ऐकण्याची आणि सांगण्याची गोष्ट आहे, एवढे त्यांच्या मनात राहिले तरी पुष्कळ झाले.

लोह्याला उतरलेल्या त्या मायलेकींचे पुढे काय झाले, आम्हाला माहीत नाही. बहुधा सारे सुखरूप झाले असेल. बहुतेक वेळा तसेच होते. पण "हे तुम्ही दवाखान्यात सांगा," एवढे एक वाक्य आम्हाला त्या दिवशी बोलता आले असते. ते इथे लिहीत आहोत, ते तुमच्यापैकी कोणाच्या तरी शेजारच्या बाकावर उपयोगी पडावे म्हणून.